रुमालाखालची फॉर्च्युनर

परगावाहून महागडं वाहन जुन्नरला आणायचं आणि इथं येऊन अडकून बसायचं, हा अनुभव या तालुक्याला निदान साडेपाचशे वर्षांपासून आहे. 1470च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजानं एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि सह्याद्री चढून जुन्नरला आला. घोडा त्याला शंभर रूबलला पडला होता. तो विकून चार पैसे गाठीला बांधायचे, एवढाच त्याचा बेत. पण जुन्नरचा बहामनी सुभेदार असदखान यानं घोडाच काढून घेतला. आमचा धर्म घे, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही घेतलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही बसला. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा मध्ये पडला, त्यानं रदबदली केली आणि घोडा सुटला.

निकितिननं इथला पावसाळा काढला, चिखलाबद्दल लिहिलं, आणि पुढं बिदरला जाऊन घोडा विकला. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, त्यांना हरभरा चारतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात, हेही त्यानं टिपून ठेवलं. आपल्या घोड्याच्या वर्षभराच्या खुराकाला किती पडले तो आकडासुद्धा लिहिला. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते याच आकड्यासाठी. वाहन केवढ्याला घेतलं हे सगळेच सांगतात. त्याला वर्षभर काय चारलं, हे लिहून ठेवणारा विरळा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात घोड्याच्या जागी फॉर्च्युनर आली, म्हणजे तिचा विचार आला. मावसभाऊ नारायणगावच्या शिवारात टोमॅटो आणि द्राक्षं करतो. त्याला थोडी वापरलेली, पण थाटाची, उंच गाडी हवी होती. सल्लागार म्हणून सोबत आले मंचरकडचे मामा. मामांनी गाडी कधी चालवलेली नाही, पण बैलगाडा शर्यतीच्या बैलांची पारख करण्यात त्यांची हयात गेली. त्या तीन महिन्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. जे कळलं, जे वाचलं, जे मेकॅनिक मंडळींनी दाखवलं, ते इथं देतो.

दात बघा

बैलाचं वय मालकाला विचारायचं नसतं, त्याच्या तोंडात बघायचं असतं. कायमचे दात आलेच नसतील तो आदत. दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. साधारण पाचव्या वर्षापर्यंत बैल आपलं वय असं दाखवत राहतो.

गाडीलाही दात असतात. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे कोरलेले दिसतील. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आता गंमत बघा. गाडी 2019ची, मीटरवर किलोमीटर फक्त 19 हजार, आणि चारही टायर 2023चे. एवढ्या कमी धावेत पहिले टायर झिजले कसे? याचं उत्तर मालकाकडे हवं. कधी ते खरंच असतं, गाडी उभी राहून टायरला चिरा पडतात. पण उत्तर देताना माणूस अडखळला की मामा लगेच माझ्याकडे बघायचे.

दुसरा दात काचांचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या खुणेजवळ सालाचा आकडा किंवा ठिपके असतात. सगळ्या काचा एकाच वयाच्या असायला हव्यात. एकच दार वेगळ्या सालाचं बोललं, तर त्या बाजूला काहीतरी घडून गेलंय. तिसरा दात सीटबेल्टचा. पट्टा पूर्ण, अगदी शेवटापर्यंत ओढा. तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असते. आणि पट्ट्याच्या त्या आतल्या, कधी बाहेर न येणाऱ्या भागावर मातकट रेघ दिसली, तर गाडी पाण्यात बुडून आलेली असू शकते. गाडी धुणारा गालिचे धुतो, सीट धुतो, बेल्टचा शेवटचा हात कुणी धूत नाही. मुंबईत 26 जुलै 2005ला, चेन्नईत डिसेंबर 2015 मध्ये, केरळात 2018च्या पुरात हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या कोरड्या करून दूरच्या बाजारात पाठवल्या जातात.

चौथा दात मला सगळ्यात आवडला. तो ब्रेकच्या पेडलचा. पेडलवरचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड एकत्र बघायची. माणूस गाडीतून उतरताना याच कडेवर घासत उतरतो. मीटर मागं फिरवता येतं. ती झिजलेली कड मागं फिरत नाही.

चुंबक चिकटलाच नाही

पत्र्याला लांबी भरलीय का, हे बघायला गावाकडं चुंबक लावतात. लांबीचा थर जाड असेल तिथं चुंबक घसरतो. ही युक्ती फॉर्च्युनर, इनोव्हा, स्कॉर्पिओला चालते. रेंज रोव्हरला मात्र चालत नाही. 2012 साली आलेल्या तिच्या चौथ्या पिढीचा सांगाडा संपूर्ण अॅल्युमिनियमचा होता आणि त्यामुळं आधीच्यापेक्षा ती 420 किलोपर्यंत हलकी झाली. अख्ख्या गाडीभर चुंबक फिरवा, कुठंच धरणार नाही. बऱ्याच महागड्या गाड्यांची बॉनेटही अॅल्युमिनियमची असतात. तिथं रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र लागतं. आणि अॅल्युमिनियमवरचा पोचा साध्या डेंटरकडं निघत नाही, हे खर्चात धरा.

सातबारा बघितल्याशिवाय?

आपल्याकडं गुंठाभर जमीन घ्यायची झाली तरी माणूस सातबारा काढतो, फेरफार बघतो, इतर हक्कात बोजा आहे का ते वाचतो. तोच माणूस तीस लाखांची गाडी आरसीच्या मोबाइलमधल्या फोटोवर घ्यायला तयार होतो. हे मी स्वतः पाहिलंय आणि पाहून जीव कळवळला.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. त्यावर बँकेचं नाव असेल तर तो बोजा. कर्ज फिटलं एवढं तोंडी सांगणं पुरत नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 देऊन आरटीओकडून तो उतरवून घ्यावा लागतो. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत. जुन्नर-आंबेगावची गाडी एमएच-14 पासिंगची, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओची. आता बराचसा व्यवहार परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर होतो, पण तरी विकणाऱ्याला सोबत घ्यावंच लागतं, कारण त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. पैसे पूर्ण दिल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

हे विकणाऱ्याच्याही भल्याचं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की, अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचं नाव आरसीवर तोच मालक. त्या खटल्यातली गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. आणि भरपाई आली पहिल्याच्या अंगावर.

विम्याच्या कागदात एक गुप्तहेर दडलेला असतो. त्याचं नाव नो क्लेम बोनस. वर्षभर दावा केला नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के सूट मिळते. एक दावा केला की पुन्हा शून्य. तेव्हा पाच वर्षांच्या गाडीचा मालक म्हणाला, "एक ओरखडासुद्धा नाही हो," आणि पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर शांतपणे विचारा, का शून्य? हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, तो जुन्या मालकाबरोबर जातो; म्हणून तुमचा पहिला हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येणार, हेही लक्षात असू द्या.

ई-चलन बघा, फास्टॅग बंद करून घ्या, दुसरी चावी मागा. 1 एप्रिल 2019च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलीय का बघा. आणि जे ठरेल ते लिहून घ्या. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीनं यज्ञात किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले त्याचे आकडे दगडात कोरून ठेवलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोक्यावरच्या घाटात लोक वाहनांची संख्या लिहून ठेवत होते, तर आपल्याला पाचशेच्या स्टॅम्पपेपरचा कंटाळा का यावा?

दिल्लीची स्वस्ताई

इंटरनेटवर तीच गाडी, तेच साल, आणि भाव इथल्यापेक्षा चार-पाच लाखांनी कमी. नंबर बघितला तर डीएल. कारण असं आहे की, दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादानं 2014-15 मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पुढं नियमांत बदल होत गेले, पण तिथल्या डिझेल गाड्यांचा भाव एकदा जो बसला तो बसला.

त्या गाडीला तिथल्या आरटीओचं फॉर्म 28चं ना-हरकत पत्र लागतं, बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. पहिल्या राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी फेऱ्या तुमच्या. हे सगळं मांडून बघितल्यावर चार लाखांचा फायदा किती उरतो, ते कागदावर काढा. मावसभावानं काढलं. त्याचा दिल्लीचा विषय त्याच संध्याकाळी संपला.

हप्ता क्रेटमध्ये मोजा

आता पैशाचं. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

महाराष्ट्रात नवी डिझेल गाडी खासगी नावावर घेतली आणि तिची किंमत वीस लाखांच्या वर असली, तर एकरकमी वाहनकर 15 टक्के. पेट्रोलला 13 टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. म्हणजे 45 लाखांच्या डिझेल एसयूव्हीवर 6 लाख 75 हजार रुपये फक्त करात गेले. हा कर गाडीसोबत राहतो. तीच गाडी तुम्ही राज्यातल्या राज्यात तीन वर्षांनी घेतली, तर तो पहिल्या मालकानं भरलेला असतो. जुन्या गाडीतली खरी बचत इथं आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना घसारा कसा धरतात, ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे. सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, वर्षाच्या आत 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40, पाचव्या वर्षी 50. बाजार या तक्त्याप्रमाणं चालत नाही. फॉर्च्युनर, इनोव्हा या गाड्या तक्त्याच्या वर टिकतात. मोठ्या जर्मन आणि ब्रिटिश गाड्या पुष्कळदा तक्त्याच्या खाली जातात. म्हणजे नवी घेणाऱ्यासाठी जी गाडी तोट्याची, ती चार वर्षांनी घेणाऱ्यासाठी स्वस्त. पण तिचे सुटे भाग चार वर्षांनी स्वस्त होत नाहीत, हे त्यातलं मर्म. मोठ्या चाकांचे चार टायर लाखाच्या पुढं सहज जातात.

आणखी एक ताजी गोष्ट. 22 सप्टेंबर 2025ला जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के उपकर, असा 50 टक्के भार होता. तो सरळ 40 टक्के झाला. शंभर रुपयांची गाडी दीडशेला पडायची ती एकशेचाळीसला पडू लागली. त्याआधी गाडी घेतलेला माणूस जुन्या बिलावरून भाव सांगतो. त्याच्यासमोर नव्या गाडीचं आजचं बिल ठेवा आणि तिथून खाली या. व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेताना त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी असतो, पूर्ण किमतीवर नाही. "किमतीवर अठरा टक्के लागेल" असं कुणी म्हणालं तर बिल मागा.

आता कर्ज. 25 लाख, 12 टक्के दर, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण 55 हजार 600 आणि पाच वर्षांत व्याज 8 लाख 36 हजारांच्या घरात जातं. बँकेच्या भाषेत हे सगळ्यांना सारखंच. नारायणगावच्या भाषेत नाही. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. त्या भावानं हप्ता म्हणजे 28 क्रेट, छोट्या टेम्पोच्या एका कोपऱ्यातला माल. पण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत भाव कोसळला, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. क्रेटला दीडशे मिळाले तर तोच हप्ता 370 क्रेटचा होतो, आणि त्यातून तोडणी, गाडीभाडं, हमाली वेगळी जाते. मावसभावानं हे दोन आकडे घराच्या कॅलेंडरवर लिहिले, 28 आणि 370. मग कर्ज 25 वरून 12 लाखांवर आणलं आणि उरलेल्यासाठी चालू हंगाम संपेपर्यंत थांबला. त्याच्या वहीतलं हे पान मी निकितिनच्या शेजारी ठेवीन.

चाकणच्या फाटकातून

मर्सिडीज भारतात आली 1994 साली, पुण्यात. सुरुवातीला पिंपरीत टेल्कोच्या आवारात, 2009 पासून चाकणला. जीएलसी, जीएलई, जीएलएस या तिच्या एसयूव्ही तिथंच जोडल्या जातात. म्हणजे मंचरची भाजी पुण्याला ज्या रस्त्यानं जाते, त्याच रस्त्यावर.

लँड रोव्हर 2008 पासून टाटांची. 2011 मध्ये तिची फ्रीलँडर पुण्यात जुळू लागली. 2024 मध्ये रेंज रोव्हरसुद्धा इथं जुळणार असं जाहीर झालं. ब्रिटनबाहेर असं पहिल्यांदाच. तीन कोटींच्या वरची गाडी एकदम अडीच कोटींच्या आसपास आली. नव्या गिऱ्हाइकाला आनंद झाला. आदल्या वर्षी आयात केलेली घेऊन ती विकायला काढणाऱ्याची किंमत मात्र एका दिवसात खाली आली. जुनी महागडी गाडी घेताना म्हणून एक प्रश्न विचारायचा असतो, की या मॉडेलची नवी पिढी येऊ घातलीय का, किंवा ती इथं जुळू लागणार आहे का?

घासाघीस करायला लाजू नका. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींचा सौदा. एकगठ्ठा मागणी केली म्हणून गाड्यांवरही सवलत मिळाली आणि कर्जाच्या व्याजावरही.

युरिया, ऊस आणि काजळी

1 एप्रिल 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-6. बऱ्याच मोठ्या डिझेल एसयूव्हींमध्ये डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी असते. तिच्यात काय भरतात? युरिया. शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया. आपल्यापैकी कुणाच्या मनात लगेच गोणी आली असेल, तर हात जोडून सांगतो, तो युरिया चालत नाही. शेतीचा युरिया 2015 पासून कडुनिंबाचा लेप दिलेला असतो आणि तेवढा शुद्धही नसतो. तो टाकला तर धुराड्यातली सगळी महागडी यंत्रणा बसते.

त्याच डिझेल गाडीत काजळी धरणारी एक जाळी असते. गाडी लांब पल्ल्यावर, वेगात, गरम होऊन चालली की साठलेली काजळी आपोआप जळते. घरापासून मळ्यापर्यंत तीन किलोमीटर आणि परत, एवढंच रोज चालवलं तर ती जळतच नाही, जाळी तुंबते. म्हणून "फार चाललेली नाही" हे डिझेलच्या बाबतीत नेहमी गुणाचं नसतं. पुणे-नाशिक महामार्गावर नेमानं धावलेली 70 हजारांची गाडी गल्लीत फिरलेल्या 20 हजारांच्या गाडीपेक्षा निरोगी निघू शकते. आम्हाला हे एका मिस्त्रींनी स्कॅनर लावून दाखवलं. वीस हजारवालीची जाळी भरत आली होती.

पेट्रोलवाल्यांनी इथेनॉल बघावं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि त्यातलं काही उसापासून येतं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार आहेत; त्याआधीच्या महागड्या पेट्रोल एसयूव्हीचं पुस्तक उघडून बघा, कंपनीनं किती टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय.

उसाला लागून गाडी उभी राहणार असेल तर उंदरांचंही बघा. बॉनेट उघडून वायरिंगवर दाताच्या खुणा शोधा. नव्या गाडीत वायरी पुष्कळ आणि महाग.



   

सकाळी सहाची भेट

आम्ही पाहिलेली नववी गाडी एका जर्मन बनावटीची, सात आसनांची. आत बसलो तर दिवाणखान्यात बसल्यासारखं. चार वर्षांची, कागद स्वच्छ, भाव नव्याच्या निम्म्याला. मावसभाऊ विसार द्यायला निघाला होता. मामा म्हणाले, "उद्या सकाळी परत येऊ. गाडी चालू करू नका म्हणावं आम्ही येईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही तिथं. थंडी होती, काचांवर दव. मामा गाडीभोवती फिरले आणि मागच्या उजव्या चाकापाशी खाली बसले. चाक आणि त्यावरची कमान यांच्यात त्यांनी बोटं घातली. चार बोटं गेली. मग डाव्या बाजूला गेले. तिथं दोनच गेली.

अशा गाड्यांना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. पिशवीला बारीक चीर गेली की रात्रभरात तो कोपरा खाली बसतो. गाडी चालू केली की पंप हवा भरतो आणि ती पुन्हा ताठ उभी राहते, दिवसभर काही कळत नाही. पण गळती भरून काढता काढता पंपही थकतो, आणि मग पिशव्या आणि पंप दोन्ही बदलावे लागतात. विकणाऱ्यानं घाईनं बटण दाबलं. गाडी हळूच वर आली. तो म्हणाला, "बघा, काही नाही." मामा हात पुसत म्हणाले, "बैल उठताना कसा उठतो तेच आम्ही बघतो, पावणं."

मामांना हवेच्या पिशव्यांबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. ते तसेच गेले होते, गोठ्यात पहाटे जातात तसे.

आळेफाट्याचा सौदा

मार्चमध्ये आळेफाट्याकडचे एक कांद्याचे व्यापारी, मामांच्या ओळखीतले, त्यांची फॉर्च्युनर काढणार असं कळलं. पहिलेच मालक, एमएच-14, धाव 62 हजार. फॉर्च्युनर भारतात 2009 पासून आहे. आधी तीन लिटरचं डिझेल इंजिन, 2016च्या नव्या पिढीपासून 2.8 लिटरचं. ट्रकसारख्या शिडीच्या सांगाड्यावर बसवलेली गाडी, आणि स्प्रिंग पोलादाच्या. ही टू-व्हील होती. भीमाशंकरच्या जंगलात किंवा पावसाळ्यात आहुप्याकडं रोज जायचं असतं तर फोर-बाय-फोर शोधली असती. मावसभावाला पुणे आणि नाशिक करायचं होतं.

पहाटे गेलो. बॉनेटवर हात ठेवून बघितला, गार होतं. टायरचे आकडे जुळले, दोन बदललेले आणि त्यांची बिलं निघाली. काचा एका वयाच्या. बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. नो क्लेम बोनस 45 टक्के. बोजा उतरलेला. माळशेजच्या घाटात चढवली, उतरवली, वळणावर स्टिअरिंग सोडून बघितलं, एसी बंद करून इंजिनाचा आवाज ऐकला. मामा मागं बसले होते. येताना ओतूरजवळ ते म्हणाले, "कान टवकारून चालते."

मग भाव. व्यापाऱ्यांनी चहा मागवला. दोन्हीकडची माणसं जमली होती, शेजारीपाजारीही. एवढ्या लोकांत आकडा कुणी काढेना. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि बॉनेटवर पसरला. व्यापाऱ्यांना क्षणभर कळलं नाही, मग ते हसले, कारण त्यांचेही वडील बैलबाजारात जायचे, आणि तिथं भाव असाच रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरतो. दोघांचे हात रुमालाखाली गेले. बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. पांढऱ्या बॉनेटवर तो रुमाल मधेच हलत होता. व्यापाऱ्यांनी एकदा मान हलवली. मामांनी बोट बदललं. मग दोघांनी एकाच वेळी हात बाहेर काढले.

मावसभावानं विसार दिला, फॉर्म 29 आणि 30वर सह्या झाल्या, ओटीपी आला आणि गेला. आकडा बँकेला आणि आरटीओला कळला. जमलेल्या माणसांपैकी कुणालाच अजून कळलेला नाही, आणि मामा विचारू देत नाहीत.